गाडीवर मागे बांधलेलं जॅकेट

धनकवडी, पुणे
एप्रिलचा तिसरा आठवडा

प्रिय मनू,

रविवारी तू आलीस तेव्हा मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. गाडीचा आवाज ओळखीचा, म्हणून वाकून पाहिलं. डोक्यावर हेल्मेट होतं, पण अंगात बिनबाह्यांचा कुर्ता, आणि दिवाळीत घेतलेलं काळं जॅकेट मागच्या सीटवर दोरीने बांधलेलं. नवले पुलाच्या त्या उतारावरून, कात्रजच्या बोगद्याकडून सुसाट खाली येणाऱ्या ट्रकांच्या शेजारून तू तशी आलीस. जेवताना मी विषय काढला तर म्हणालीस, "आई, एकदा ते घालून हिंजवडीच्या शिवाजी चौकात दुपारी उभी राहा, मग बोल." आणि जाताना जॅकेट इथेच खुर्चीवर टाकून गेलीस.

सोमवारी दुपारी अडीच वाजता ते अंगात घालून, चेन गळ्यापर्यंत लावून मी गच्चीत उभी राहिले. दहाव्या मिनिटाला पाठीवरून घामाच्या धारा लागल्या, पंधराव्या मिनिटाला डोकं जड झालं. खाली येऊन पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, पोरगी खोटं बोलत नव्हती. एवढ्या उकाड्यात कुणी ते रोज घालणार नाही. म्हणून आज रागावण्यासाठी लिहीत नाहीये. चूक खरेदीत झाली. आपण ते नोव्हेंबरात घेतलं, संध्याकाळच्या गारव्यात, दुकानातल्या आरशासमोर. पुण्यात रोज वापरायचं जॅकेट एप्रिल डोळ्यांसमोर ठेवून घ्यायला हवं होतं.

तुला एक गोष्ट मी कधी नीट सांगितली नाही. १९९६ सालची. तुझा जन्म व्हायचा होता. मी लुनावरून सिंहगड रस्त्याने ब्लाऊजांची बोचकी घेऊन येत होते. वेग तीसच्याही आत असेल. वळणावर खडी होती, गाडी आडवी झाली आणि मी चार-पाच हात घसरत गेले. अंगात सिंथेटिकचा पंजाबी ड्रेस. गुडघ्यावर ते कापड घासून नुसतं फाटलं नाही, तापून वितळलं आणि जखमेत चिकटून बसलं. डॉक्टर चिमट्याने एक-एक तुकडा काढत होते, तो चरचरीत आवाज अजून माझ्या कानात आहे. गुडघा भरला. पण पडताना मी दोन्ही हात पुढे टाकले होते, आणि उजव्या तळहाताचं सालटं सगळं निघालं होतं. दीड महिना मला सुई धरता आली नाही. लग्नसराईतली सगळी कामं परत पाठवली. वेग कमी असला म्हणून रस्ता सोडत नाही, हे मला तेव्हा कळलं.

आता जे मला समजतं ते सांगते, म्हणजे कापड आणि शिवण. तीस वर्षं तेच केलं आहे.

तुझं जॅकेट मी उलटं करून खिडकीशी धरलं. खांद्याची शिवण दोन्ही अंगठ्यांनी ताणली तर टाके एकमेकांपासून सुटे होऊन मधला दोरा दिसू लागला. एकच टीप आहे, तीही मोठ्या टाक्यांची. बगलेत तर आतापासून उसवायला लागलं आहे. रस्त्यावर घसरताना सगळ्यात आधी वर दिसणारा दोरा झिजतो, कारण तो कापडापेक्षा वर उचललेला असतो. तो गेला की कापड कितीही दणकट असो, जॅकेट शिवणीवर उघडतं. चांगल्या जॅकेटला आत, लपलेली एक टीप असते आणि वरून दोन. जीन्सच्या मांडीला कशी कडा एकमेकींत दुमडून वर दुहेरी टीप मारलेली असते, तशी. वरचे दोरे गेले तरी आतला धरून ठेवतो. दुकानात गेल्यावर रंग, पट्टे, नाव काही बघू नकोस. आधी उलटं कर, खांदा, कोपर आणि बगल अंगठ्याने ताणून बघ.

मग कोपरातलं पॅड खिशातून बाहेर काढलं. त्यावर सीईचा, म्हणजे युरोपातल्या सुरक्षेच्या नियमांत बसल्याचा, शिक्का आहे. जॅकेटच्या आत तसं लेबल कुठेच नाही. म्हणजे पॅड तपासलेलं, जॅकेट नाही. दुकानदाराने 'सीई आहे' म्हणून सांगितलं आणि आपण मान डोलावली. युरोपात जॅकेट-पँटसाठी ईएन १७०९२ नावाचं मानक २०२० सालापासून आहे. त्यात कापड किती घासलं जातं, किती फाटतं, शिवण किती ताण सोसते, हे सगळं तपासतात आणि मग एएए, एए, ए, बी किंवा सी असा वर्ग देतात. घासण्याच्या चाचणीत खांदा-कोपर-गुडघ्याच्या जागेला एएएमध्ये ताशी १२० किलोमीटरच्या वेगाची कसोटी असते, एएमध्ये ७०ची, एमध्ये ४५ची. एएए बहुतेक जाड आणि गरम निघतं. तू रोज बायपासने हिंजवडीला जातेस, तुला एए मिळालं तर उत्तम. उकाड्याने तेही अंगावर राहणार नसेल तर ए घे. अंगावर असलेलं ए हे सीटवर बांधलेल्या एएएपेक्षा कधीही बरं. बी मात्र नको, त्यात पॅडच नसतात. आणि सी म्हणजे फक्त पॅड धरून ठेवणारं, घासण्यापासून न वाचवणारं. तसलं जाळीचं बनियन शर्टाच्या आत घालणारी मुलं मी पाहिली आहेत. वर जाड कापड असेल तर त्याचा उपयोग, झुळझुळीत कुर्त्याखाली नाही.

खांदा-कोपर-गुडघ्याच्या पॅडवर १ किंवा २ आकडा असतो. त्यांवर पाच किलोचं वजन साधारण मीटरभर उंचीवरून पाडतात आणि पलीकडे हाडापर्यंत किती जोर पोचला ते मोजतात. पहिल्या पातळीत सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत (हे जोराचं माप) चालतं, दुसरीत २०च्या आत हवं. दुसरी पातळी थोडी जाड असते, पण हल्लीची पॅडं भोकांची आणि मऊ येतात, आदळली तरच कडक होतात. पाठीचं पॅड वेगळं मागून घे. तुझ्या जॅकेटच्या पाठीत नुसता फोमचा तुकडा आहे, उशीत घालतो तसला. तो मी काढून फेकला.

आता उकाड्याचं. आपल्या घरातल्या माठाकडे बघ. बारीक भोकांतून पाणी झिरपतं, वारा ते उडवून नेतो, आणि आतलं पाणी गार होतं. आपल्या अंगाचंही तेच चालतं. पण हवा अंगाच्या कातडीपेक्षा, म्हणजे पस्तीसेक अंशांपेक्षा तापली की वारा अंगाला गार करत नाही, उलट तापवतो. घाम उडून जातो तेवढाच थंडावा. म्हणून उघड्या दंडांनी गाडी चालवताना बरं वाटतं ते थोडा वेळ. ऊन थेट भाजतं, घाम भराभर उडतो आणि घरी पोचेपर्यंत तोंडाला कोरड पडते. माझं मत असं की जाळीचं जॅकेट आणि आत ओला सुती टीशर्ट. निघताना नळाखाली भिजवून पिळायचा आणि घालायचा. एप्रिलमधली आपली हवा कोरडी, जाळीतून वारा आत शिरतो आणि तू चालता माठ होतेस. अर्ध्या तासात वाळतो, तेवढ्यात तू ऑफिसला पोचतेस. तिथे बदलायला कोरडा टीशर्ट डब्याच्या पिशवीत ठेव. जूनमध्ये हवा दमट झाली की ही युक्ती चालत नाही. तेव्हा खेळाडू घालतात तसला घाम शोषून बाहेर टाकणारा पातळ, अंगाबरोबर बसणारा टीशर्ट घाल.

जाळी मात्र सगळीकडे नको. छाती, पाठ आणि दंडाच्या आतल्या बाजूला जाळी चालेल. खांदा आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला भरीव कापड हवं, जाड नायलॉनचं. जाळी उजेडाकडे धर. दोरे जाड आणि पिळाचे दिसले पाहिजेत, मच्छरदाणीसारखे नाहीत. आत चेनने लावायचं पावसाळी अस्तर देतात त्यासाठी पैसे मोजू नकोस. पाऊस आला की जॅकेट भिजतं, अस्तर कोरडं राहतं आणि आपण आत उकडून निघतो. पावसाला वरून घालायचा रेनकोट तुझ्याकडे आहेच. रंग फिका घे, राखाडी चालेल. काळा तापतो आणि रात्री ट्रकवाल्याला दिसत नाही.

एक गंमत सांगायची राहिली, ती मला फार आवडली. मागे एक मुलगा रायडिंगची जीन्स आखूड करायला घेऊन आला होता. वरून साधी जीन्स, आत गुडघ्यापासून मांडीपर्यंत पिवळट अस्तर. मी नेहमीची कात्री लावली तर अस्तर कापेचना, पात्यांतून सरकायचं, आणि कात्रीची धार गेली. तो म्हणाला, "काकू, केवलार आहे ते." मग मी माहिती काढली. हा धागा १९६५ साली अमेरिकेत स्टेफनी क्वोलेक या बाईंनी शोधला. त्यांची आई शिवणकाम करायची आणि कापडाची आवड त्यांना आईकडून मिळाली होती. मी त्या दिवशी ते अस्तर परत परत हातात घेऊन बघितलं.

तुझ्या रोजच्या वापराला तसलीच जीन्स बरी, ऑफिसात कुणाला कळणारही नाही. दोन प्रकार मिळतात. एकात असं अस्तर असतं, ते गरम होतं. दुसऱ्यात जीन्सच्या कापडातच एक पांढरा, गुळगुळीत, फार चिवट धागा विणलेला असतो. ती हलकी असते आणि उन्हाळ्याला मला तीच पटते. पण तो धागा दीडशे अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून तिला इस्त्री लावायची नाही. आणि केवलारला ऊन आणि ब्लीच सोसत नाही. उलटी करून सावलीत वाळव. गुडघ्याचं पॅड उभं राहून बघू नकोस, बसून बघ. बसलं की पँट वर सरकते आणि पॅड मांडीवर येतं. दुकानात गाडीवर किंवा स्टुलावर बसून, हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बघ. कोपराचं पॅड हाताने फिरवलं तर जागचं हलता कामा नये. तुझ्या जॅकेटचं दोन बोटं खाली घसरतं. पडताना ते तिथे नसेल तर त्याचा काही उपयोग नाही.

हातमोजे मी सगळ्यात वर लिहायला हवे होते. तळहाताच्या मनगटाकडच्या उंचवट्यावर कडक, गुळगुळीत तुकडा असलेले घे. हात टेकला की तो घसरतो, कातडी आणि मनगटाचं हाड वाचतं. पट्टा लावून बोटांकडून जोरात ओढ. हातातून निघाला तर तो घेऊ नकोस. वरच्या बाजूला भोकं असलेलं चामडं किंवा जाळी असते, घाम कमी येतो. तू ज्या अर्ध्या बोटांच्या मोज्यांत येतेस ते मला बघवत नाहीत.

बूट घोटा झाकणारे, नाडी आत खोचलेली. हेल्मेट तुझं चांगलं आहे, आयएसआयचं आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त आतला जाड स्कार्फ बंद कर. त्याने आतली गादी दबते आणि मग हेल्मेट सैल होतं. मी पातळ सुती टोप्या शिवून ठेवल्या आहेत, चार. रोज एक धुवायला टाक. स्कार्फ घ्यायचाच तर गळ्याशी, दोन्ही टोकं जॅकेटच्या आत.

पैशाचं मनात आणू नकोस. गेल्या दिवाळीची शिलाई मी बाजूला ठेवली होती, त्यातून जॅकेट आणि हातमोजे होतात. जीन्स तू तुझ्या पगारातून घे.

काळं जॅकेट टाकायचं नाही. थंडीत ताम्हिणीला जाताना उपयोगी पडेल. बगल आणि खांद्याची शिवण मी अठरा नंबरची सुई आणि नायलॉनचा दोरा लावून पुन्हा घालते आहे, आत एक, वर दोन. बाहीला कोपराखाली आवळायचा पट्टाही लावते, म्हणजे पॅड घसरणार नाही.

शनिवारी नऊला ये, ऊन चढायच्या आत दुकानात पोचू. तुझ्या मागे मी बसणार आहे, तेव्हा हातमोज्यांची आणखी एक जोडी माझ्या मापाची बघायची. टेप मी पिशवीत घातली आहे.

तुझी,
आई