बंड्या, तूच पलटलास की रे!

बडोदा, रविवार

प्रिय बंड्या,

परवा फोनवर तू म्हणालास की नटांनी गप सिनेमे करावे, राजकारणात कशाला नाक खुपसायचं, आणि मी नुसतं हं हं करत राहिलो कारण हिने कुकर लावलेला आणि शिट्ट्या मोजायचं काम माझ्याकडे होतं. पण फोन ठेवल्यावर जाम हसू आलं. अरे हे वाक्य माझं आहे! 2006 मधे मीच तुला ऐकवलेलं, आणि तू पंधरा दिवस माझा फोन घेत नव्हतास.

एप्रिल होता. नर्मदा आंदोलनाच्या मेधाताई पाटकर दिल्लीत जंतरमंतरला उपोषणाला बसलेल्या, नर्मदेवरच्या आमच्या सरदार सरोवर धरणाची उंची 110.64 मीटरवरून 121.92 करायला परवानगी मिळालेली म्हणून, आणि आमिर खान तिथे जाऊन बसला. त्याचं म्हणणं एवढंच होतं की धरण करा, पण ज्यांची घरं जाणार त्यांचं पुनर्वसन आधी करा. सुप्रीम कोर्टाच्या 2000 च्या निकालातही तेच होतं की, उंची आणि पुनर्वसन बरोबरीने चालायला हवं. पण इथे कोण ऐकून घेणार, भाजप आणि काँग्रेस एका सुरात ओरडत होते (आपल्या हयातीत हे पुन्हा बघायला मिळेल का सांग). माफी माग म्हणाले, तो म्हणाला नाही मागत. मग 26 मे ला 'फना' हा त्याचा पिक्चर अख्ख्या देशात लागला आणि आमच्या गुजरातमधे नाही. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं तर तिथे सांगितलं की ज्या थेटरला बंदोबस्त हवा त्याने पोलिसांकडे मागावा. आता कोण मागणार? जामनगरला एका थेटरने लावला तर तिथे एका माणसाने स्वतःला पेटवून घेतलं, गेला बिचारा.

मी तेव्हा कट्टर होतो हे कबूल. कच्छ-सौराष्ट्रात टँकरची वाट बघणारी माणसं मी पाहिलेली, धरणाचं पाणी त्यांना मिळणार होतं, त्यामुळे मुंबईच्या हिरोने येऊन आम्हाला शिकवू नये असंच वाटायचं. रोज ऑफिसला जाताना एक थेटर लागायचं, बाहेरच्या काचेच्या फ्रेममधे आधी 'फना'चं पोस्टर होतं, मग एक दिवस नुसते खळीचे डाग आणि काजोलच्या ओढणीचा एक तुकडा चिकटून राहिलेला. तिकीटखिडकीवरचे काका ओळखीचे, बाहेर खुर्ची टाकून बसलेले. म्हणलं काका, बरोबर केलंत. ते म्हणाले, "अरे आम्ही काय केलं, आम्हाला तर मे महिन्याचा धंदा गेला." मला त्यावर काही सुचलं नाही, पण मत बदललं असंही नाही, उगाच खोटं कशाला लिहू.

मत हललं ते तुझ्या इंदूरला. जूनमधे ताईच्या लग्नाला आलो, रात्रभर दाहोद-झाबुआ करत बसने हाडं खिळखिळी झालेली, आणि तू पोहे-जिलेबी खायला घालून सरळ थेटरात नेलंस. पिक्चरमधे धरण नाही, नर्मदा नाही, काही नाही! आणि खरं सांगू, पिक्चर पण यथातथाच. एवढ्यासाठी आम्ही राज्यभर रान उठवलं होतं? बाहेर आल्यावर तू बडवानीकडच्या धरणात बुडणाऱ्या गावांचं बोलत बसलास, आणि मी म्हणलं तुम्ही इंदूरवाले पण जलूदहून नर्मदा उपसूनच पिता की, तर तू चिडायच्या ऐवजी म्हणालास, हो ना, म्हणून तर बोलतोय. आम्हा बडोदेकरांना तर प्यायला सयाजीराव महाराजांचं आजवा धरण होतं, तरी ओरडत मी होतो.

आता तू म्हणशील आमिरने नंतर पाणी फाउंडेशन काढलंच की. काढलं, 2016 ला वरूड, कोरेगाव, आंबेजोगाई तालुक्यांपासून सुरुवात केली, लोकांनी श्रमदानाने चर खणले, चांगलंच काम ते. पण त्यात कोणी त्याची पोस्टरं फाडली नाहीत ना? जंतरमंतरला बसायला जे लागलं ते वेगळं होतं, मला तरी असं वाटतं. आपले नट श्रीराम लागू आणि निळूभाऊ फुले घे, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग लावून पूर्णवेळ कार्यकर्त्यांच्या मानधनाची सोय केली. त्यातही देवाला रिटायर करा असं लिहिल्यावर लागूंना शिव्या पडल्याच. त्यांना पण तू गप नाटक करा म्हणणार का?

तू का वैतागलास ते कळतं मला. हल्ली कोण मनापासून बोलतो आणि कोण पिक्चर येतोय म्हणून बोलतो, काही समजत नाही. पण म्हणून सगळ्यांनीच गप बसायचं होय?

असो. दिवाळीत येतोयस ना? शेव उसळ खाऊन केवड्याला जाऊ, धरण आता 138.68 मीटर झालंय, वर उभं राहून हवं तेवढं भांड. आणि त्या 'फना'च्या तिकिटाचे पैसे तू अजून मागितले नाहीस म्हणून मी दिले नाहीत. आता मागू नकोस, पिक्चर तेवढ्या पैशाचा नव्हता.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
पक्या