माइकसमोर बसण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

रेडिओवर व्यसनाविषयी दर रविवारी एक तास बोलणार, तेही श्रोत्यांचे थेट फोन घेऊन, हे वाचून फार आनंद झाला. बसण्याआधी अमेरिकेतले व्यसनमुक्तीचे डॉक्टर ड्रू पिन्स्की यांची कारकीर्द नीट बघ. १९८४ मध्ये वैद्यकीय विद्यार्थी असतानाच ते लॉस एंजेलिसच्या के-रॉक रेडिओ केंद्रावर ‘लव्हलाइन’ या लैंगिक प्रश्न आणि नात्यांवरच्या फोन-कार्यक्रमात बोलू लागले. पुढे पॅसाडिनाच्या लास एन्सिनास रुग्णालयात व्यसनमुक्तीचं काम सांभाळून रेडिओही चालू ठेवला. १९९५ पासून कार्यक्रम अमेरिकाभर ऐकू जाऊ लागला. लाज बाजूला ठेवून तरुण मुलं एका डॉक्टरला फोन करत होती, हे मोठंच काम.

फोन करणाऱ्याला ते बालपणीच्या अत्याचाराबद्दल थेट विचारत. व्यसनामागे असा आघात पुष्कळदा असतो, हे खरं. पण तीन मिनिटांत ती जखम उघडायची आणि मग जाहिरात लावायची, हे तू करू नकोस. तो प्रश्न दवाखान्यातला.

२००८ पासून नामवंतांचे उपचार त्यांनी टीव्हीवर दाखवले. २०१३ पर्यंत त्यांतले पाच जण वारले. हे मृत्यू कार्यक्रमामुळे झाले असं मी म्हणणार नाही. हा आजारच उलटणारा आणि जिवावर उठणारा आहे. तरी विड्रॉवलमध्ये, म्हणजे नशा बंद झाल्यावरच्या त्रासात, थरथरणाऱ्या माणसाच्या संमतीला किती अर्थ असतो? आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम २४ रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची माहिती वा फोटो माध्यमांना देऊ देत नाही, आणि दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजारही त्यात येतात. म्हणून फोन करणाऱ्याचं नाव, गाव, कंपनी काहीच नको. प्रसारण काही सेकंद मागे ठेवून नको तो भाग कापायची सोय असते. ती आहे का, विचारून घे.

पैशांचंही सांगते. १९९९ मध्ये पिन्स्कींना ग्लॅक्सो या औषध कंपनीकडून वेलब्युट्रिन या नैराश्यावरच्या औषधाच्या प्रचारासाठी २,७५,००० डॉलर मिळाले होते. ते २०१२ मध्ये सरकारी खटल्याच्या कागदपत्रांतून उघड झालं. तुझ्या कार्यक्रमाला प्रायोजक असेल तर त्याचं नाव सुरुवातीलाच सांग. औषध कंपनी किंवा खासगी व्यसनमुक्ती केंद्र असेल तर घेऊच नकोस.

सगळ्यात जास्त फोन दारूचे येतील. “आजच बंद करा” असं कुणालाही सांगू नकोस. आधी विचार: रोज किती, शेवटचा घोट कधी, पूर्वी बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का, घरी सोबत कोण. १८० मिलीची व्हिस्कीची क्वार्टर म्हणजे साधारण ६० ग्रॅम अल्कोहोल, दहा-दहा ग्रॅमची सहा प्रमाणित मापं. रोज एवढी पिणाऱ्याने एकदम सोडली तर सहा ते चोवीस तासांत थरथर आणि घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान भ्रम, भास, ताप. यात माणूस दगावू शकतो. त्याला रुग्णालयातच पाठव. घरच्यांना हेही सांग की ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) मिळायला हवं. ते राहून गेलं तर वर्निकीचा मेंदूविकार होऊ शकतो.

दुसरा हमखास फोन बायकोचा किंवा आईचा: “डायसल्फिराम भाजीत कालवून दिलं तर?” हे औषध घेतल्यावर दारू प्यायली की त्रास होतो, म्हणून दारू सोडवायला देतात. तरी ठामपणे नाही म्हण. शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास गेल्याशिवाय आणि रुग्णाला सांगितल्याशिवाय ते द्यायचं नसतं. न सांगता दिलं आणि तो प्यायला तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयरोग्याचा जीवही जाऊ शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. आणि फसवणूक कळली की तो उपचारांनाच नकार देतो. ती बाई थकलेली असते, तेव्हा नकाराआधी तिचं पूर्ण ऐकून घे.

प्रसारणात डोस सांगू नकोस. तपासल्याशिवाय निदानही नको. तुझं काम त्याला योग्य दारापर्यंत नेण्याचं. आत्महत्येचं बोलणं निघालं तर गाणं लाव, पण फोन ठेवू नकोस. दुसऱ्या लाइनवर समुपदेशक आधीपासून बसवलेला असावा. मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन टेली-मानस १४४१६ आणि व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, हे दोन्ही आकडे निवेदकाने सावकाश, दोनदा वाचावेत. ऐकणारा तोवर पेन शोधत असतो.

पहिल्या भागाची संहिता पाठव, वाचून कळवते.

तुझी,
आई