कीपरला वेगळा न्याय का?

संपादक साहेब, नमस्कार.

फुटबॉलमध्ये कॉर्नर किकला अटॅकरचा नुसता धक्का गोलकीपरला लागला तरी शिट्टी वाजते, पण कीपरच गुडघा वर करून अंगावर आला की ‘तो बॉलसाठीच गेला होता’ म्हणून सोडून देतात. हे काय आजचं नाही. १९८२ च्या वर्ल्डकपची सेव्हियातली सेमीफायनल आठवा, पश्चिम जर्मनीचा कीपर शुमाकर फ्रान्सच्या बातिस्तोंवर असा आदळला की तो जागेवर बेशुद्ध, दात पडले, मणक्याला मार, आणि रेफरीने दिलं काय तर गोलकिक, म्हणजे बॉल उलट जर्मनीलाच! कार्ड सोडा, फाऊलसुद्धा नाही. २०२३ ला इंग्लिश लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडचा कीपर ओनानाने वुल्व्हजच्या कलायजिचला उडवलं, व्हीएआर (व्हिडिओ बघून निर्णय तपासणारा रेफरी) असूनही पेनल्टी नाही, नंतर रेफरींच्या संस्थेने चूक मान्य केली म्हणे, काय उपयोग त्याचा.

गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्टियानो ज्युनियर तर २००४ च्या फेडरेशन कप फायनलमध्ये बंगळुरूत गोल मारताना कीपरशी धडकून जिवानिशी गेलाच.

बॉल हातात असताना कीपरला कोणी अडवू नये हा नियम बरोबरच आहे, पण बॉल निघून गेल्यावर आदळायची सूट नियमात कुठंच नाही. बॉलला आधी हात लागला म्हणून पुढचं सगळं माफ, असंही नाही. डिफेंडरने असा गुडघा घातला तर रेड कार्ड देता ना? मग कीपरलाही द्या.

– एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर