माझ्या ॲम्पचा आवाज स्वच्छ करून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सादर नमस्कार, विनंती विशेष.

आपले नाव कोठेही छापू नये असे आपण बजावले होते, म्हणून ते येथे लिहीत नाही. परंतु आभार चारचौघांत मानू नयेत असे आपण म्हटले नव्हते, आणि गेले काही महिने मनात असलेले हे पत्र आता उघडपणे लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझा गिटारचा ट्यूब ॲम्प, म्हणजे काचेच्या ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर, घेऊन मी आपल्याकडे आलो, तेव्हा माझी तक्रार एका वाक्याची होती. ड्रमसोबत वाजवू लागलो की क्लीन टोन, म्हणजे गिटारचा स्वच्छ आवाज, फाटतो, आणि फाटू नये म्हणून व्हॉल्यूम कमी केला की आवाज कर्कश, टोचणारा आणि जीव नसलेला होतो. दोन 6व्ही6 पॉवर ट्यूबचा, सुमारे 22 वॉटचा हा ॲम्प मला पुरणार नाही आणि 85 वॉटचा मोठा ट्विन रिव्हर्ब ॲम्प घेण्यावाचून गत्यंतर नाही, असे मी जवळजवळ ठरवूनच आलो होतो. आपण स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी मला अर्धा तास नुसते वाजवायला लावलेत, डोळे मिटून ऐकलेत, आणि मग विचारलेत, "आधी कोणती तार फाटते?" इतकी वर्षे वाजवूनही हा प्रश्न मला स्वतःहून कधी पडला नव्हता. उत्तर सोपे होते: जाड तारा आधी फाटत होत्या, आणि त्यांच्या गढूळपणात बारीक तारांचा सूरही बुडत होता.

आपण पहिला बदल ॲम्पमध्ये केलाच नाही. गिटारवरच्या हंबकर पिकअपची, म्हणजे तारांची कंपने टिपणाऱ्या भागाची, जाड तारांकडची बाजू स्क्रूचे दोन फेरे खाली उतरवलीत, बेसचा नॉब 7 वरून 3 वर आणलात, आणि गिटारची केबल पहिल्या इनपुटमधून काढून दुसऱ्यात लावलीत. त्या दुसऱ्या इनपुटला मी इतके दिवस शोभेची वस्तू समजत होतो. तेथील दोन सारखे रेझिस्टर सिग्नल निम्मा करतात, म्हणजे 6 डेसिबलने उतरवतात, त्यामुळे माझ्या जोरकस पिकअपचा पहिल्या ट्यूबवर पडणारा भार हलका होतो, हे आपण कागदावर आकृती काढून दाखवलेत. त्यानंतर व्हॉल्यूम 3 वरून 5 च्या पुढे नेलात, आणि मला ज्याची सर्वाधिक भीती वाटत होती तेच घडले नाही. उलट कर्कशपणा गेला. व्हॉल्यूमच्या नॉबला जोडलेला छोटा कॅपॅसिटर उंच स्वरांना आडवाटेने पुढे पाठवतो आणि नॉब जितका खाली तितका त्याचा प्रभाव अधिक असतो. म्हणजे स्वच्छ आवाजाच्या हव्यासाने मी नॉब खाली ठेवत होतो आणि टोचणारा आवाज स्वतःच ओढवून घेत होतो.

पहिल्या जागेवरची 12एएक्स7 ट्यूब काढून आपण आपल्या डब्यातली जुनी 5751 बसवलीत. पहिलीचा सिग्नल वाढवण्याचा गुणक 100, दुसरीचा 70, हे आकडे मला वाचून ठाऊक होते. मात्र त्यांचा अर्थ आपण सांगितल्यावरच कळला. कमी गुणकाच्या ट्यूबने ॲम्पची कमाल ताकद वाढत नाही, फक्त नॉब सावकाश चढतो आणि बोटांच्या हलक्या-जड आघाताला अधिक जागा मिळते. "ही ट्यूब बदलली की हेडरूम (आवाज फाटण्याआधीची मोकळीक) दुप्पट" असे आपण सहज म्हणू शकला असता आणि मी विश्वासही ठेवला असता. आपण तसे म्हटले नाहीत, या प्रामाणिकपणाबद्दल मला आपला विशेष आदर वाटतो.

खरी गोष्ट पुढेच होती. 22 वॉटवरून 85 वॉटवर गेल्याने जेमतेम 6 डेसिबल मिळतात, आणि आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, हा हिशेब आपण माझ्याकडूनच करवून घेतलात. मग विचारलेत की माझा स्पीकर एका वॉटला किती डेसिबल देतो. तो 97 देत होता. 100 देणारा स्पीकर बसवणे म्हणजे वॉट दुप्पट करण्यासारखेच, आणि तेही पाठीवर एवढे ओझे न घेता! ओहम जुळतात ना, हे दोनदा तपासून आपण तो बसवलात. स्पीकर सुटा असताना ॲम्प चालू केला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो आणि प्लग काढल्यावरही आतल्या कॅपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतदाब उरू शकतो, म्हणून झाकण उघडल्यावर माझा हात आपण दूर सारलात. त्या क्षणी मला थोडा राग आला होता. आता त्याबद्दलही आभार मानतो.

गेल्या कार्यक्रमात एका संथ गाण्यात मेजर सेव्हन्थ कॉर्ड धरली आणि सहाही तारा एकमेकींच्या अंगावर न पडता वेगवेगळ्या ऐकू आल्या. ड्रम नेहमीइतकेच जोरात होते. जरा जोरात छेडले की सुराच्या कडेला एक उबदार खरखर येत होती आणि हात हलका केला की विरत होती. क्लीन टोन म्हणजे फाटण्यापासून शक्य तितके लांब पळणे, असा माझा समज होता. आपण मला त्या सीमेच्या अलीकडे एक पाऊल उभे राहायला शिकवलेत, आणि ट्यूब ॲम्पचा स्वच्छ आवाज मला तेथेच सर्वांत सुंदर वाटतो.

आपली 5751 अजून माझ्याच ॲम्पमध्ये आहे. "ऐकून बघ, मग परत दे," असे आपण म्हटला होतात. ऐकून झाले आहे, तरी परत द्यायला मन होत नाही. तशीच दुसरी ट्यूब मी मिळवली आहे. येत्या रविवारी दोन्ही घेऊन येतो. दोन्ही लावून ऐका, आणि आपल्याला आवडेल ती आपण ठेवून घ्या.

आपला कृतज्ञ,
दुसऱ्या इनपुटमध्ये वाजवणारा एक गिटारवादक