काकू, ती निळी कुंडी तेव्हा बाजूला ठेवायला लावलीत त्याबद्दल थँक्यू

प्रिय काकू,

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही दोन वाक्यांत विषय बदलता, "ते राहू दे, पाणी नीट देतोयस ना" म्हणता आणि माझं बोलायचं राहूनच जातं, म्हणून आता सरळ सगळ्यांना दिसेल असं लिहितोय. मागच्या आठवड्यात आपलं ट्रायडंट मेपल शेवटी बोन्सायच्या कुंडीत गेलं. फांद्यांवरचे कोंबाचे डोळे चांगले फुगले होते, पान अजून एकही उघडलेलं नव्हतं, तुम्ही सांगता तीच वेळ. नऊ वर्षं झाली या झाडाला.

नऊ वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आलो तेव्हा खोड पेन्सिलीएवढं होतं आणि दुसऱ्या हातात ती निळ्या ग्लेझची कुंडी. झाडाआधी कुंडीच घेतली होती मी, इतकी आवडली होती. तुम्ही ती उलटी करून खालची भोकं बघितलीत, तार ओवायला जागा आहे का बघितलीत, आतून बोट फिरवून आतल्या बाजूला ग्लेझ नाहीये ना ते बघितलीत, आणि म्हणालात "कुंडी छान आहे रे, पण झाड अजून कुंडीत जायच्या वयाचं नाहीये." मला खरंच वाईट वाटलं होतं. सगळे फोटो उथळ कुंडीतल्या झाडांचेच बघितलेले, त्यामुळे कुंडीत लावलं की झाड हळूहळू तसं होत जातं असंच मी धरून चाललो होतो.

तेव्हा तुम्ही जे समजावलंत ते मी आता नवीन कोणी विचारलं की तसंच्या तसं सांगतो, की खोड जाड होतं ते वर वाढणाऱ्या फांद्यांच्या आणि पानांच्या जिवावर, मुळं कोंडली आणि वरून सारखी छाटणी केली की जाडी तिथेच थांबते, मग दहा वर्षांनी पण तेच पेन्सिलीएवढं खोड. उथळ कुंडी ही शेवटची पायरी. आधी मोकळी माती, मोकळी वाढ. त्याच दिवशी तुम्ही माझ्याकडून सोटमूळ कापून घेतलंत, उरलेली मुळं चाकाच्या आऱ्यांसारखी चहूबाजूंनी पसरवून खाली एक सपाट फरशी ठेवून झाड जमिनीत लावायला लावलंत, म्हणजे मुळं खाली न जाता आडवी जातील. दर दोन वर्षांनी उकरून काढायचं, खाली जाणारी मुळं उडवायची, एखादं मूळ बाकीच्यांपेक्षा फार दांडगं झालं असेल तर ते मागे कापायचं, परत लावायचं. आज बुंध्याभोवती ती जी मुळं पसरून एकमेकांत मिसळलीत, जपानीत ज्याला नेबारी म्हणतात, ती बघायला लोक वाकतात काकू. ते त्या फरशीचं काम आहे.

तिसऱ्या वर्षीची छाटणी आठवतेय का तुम्हाला? झाड माझ्या डोक्याच्या वर गेलेलं, भरगच्च, आणि तुम्ही खडूने खोडावर खूण केलीत जमिनीपासून साधारण १३ सेंटीमीटरवर, म्हणालात झाड शेवटी ४० सेंटीमीटरचं करायचं तर पहिला काप तिसऱ्या हिश्शावर. करवत हातात घेऊन मी किती वेळ उभा होतो. कापलं आणि नुसता खुंट उरला, रात्री झोप लागली नाही मला. पण तुम्ही बरोबर होतात, एवढी मुळं खाली तयार असल्यावर झाड गप्प बसत नाही, त्या खुंटावर डझनभर कोंब आले, त्यातला एक नवा शेंडा म्हणून ठेवला, तारेने हलकासा उभा वळवला आणि बाकीचे काढले. पाचव्या वर्षी तो शेंडा परत कापला, या वेळी आधीच्या कापापासून कमी अंतरावर. खाली जाड आणि वर निमुळतं खोड असंच तयार होतं, एकदा वाढू देऊन एकदा कापून, दुसरा रस्ता मला तरी अजून दिसला नाही.

तुमची ती "बळीची फांदी" पण सांगायलाच हवी. खाली मुद्दाम एक फांदी ठेवायची, ती दोन मीटर झाली तरी हात लावायचा नाही, तिचं काम फक्त बुंधा जाड करणं आणि जवळची जखम भरून आणायला मदत करणं, काम झालं की ती जाणार. मी दर महिन्याला विचारायचो आता कापू का, आणि तुम्ही दर महिन्याला नाही म्हणायचात. जखमांचंही तुम्हीच समजावलंत, की ज्युनिपरसारख्या सूचिपर्णी झाडावर वाळलेलं पांढरं लाकूड शोभतं आणि टिकतं, पण पानगळीच्या झाडाचं उघडं लाकूड कुजत जातं, म्हणून काप थोडा खोलगट घ्यायचा, पेस्ट लावायची आणि झाडाला सालीने ती जागा बंद करू द्यायची. ट्रायडंट यात हुशार, पहिली जखम आता शोधावी लागते.

तारेची चूक माझी होती. एका वसंतात मी वेळेवर बघितलं नाही, अॅल्युमिनियमची तार दोनेक आठवड्यांत सालीत रुतली. घाबरत घाबरत तुमच्याकडे घेऊन आलो. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत, कटर घेतलात आणि तार उलगडायच्या भानगडीत न पडता तुकडे तुकडे कापून काढलीत, म्हणालात उलगडायला गेलं की फांदी मोडते, आणि मेपलची साल मऊ असते, पालवीच्या दिवसांत दर आठवड्याला बघायचं. एवढंच. त्यानंतर फांद्या मी जास्त करून कात्रीनेच घडवल्या, चीनमधल्या लिंगनान पद्धतीसारख्या, लांब वाढू द्यायच्या मग एक-दोन पेरांवर कापायच्या, परत वाढू द्यायच्या. प्रत्येक फाट्यावर दोनच ठेवायच्या, तीन-चार ठेवल्या तर तिथे गाठ फुगते आणि ती पुढे जात नाही. पाचव्या वर्षीपासून झाड लाकडी खोक्यात आणलं, तिथे चार वर्षं हेच चाललं होतं.

आता कुंडी. यासाठीच खरं तर हे पत्र.

मी परत तीच निळी कुंडी काढली होती, नऊ वर्षं कपाटात जपलेली. तुम्ही नको म्हणाला नाहीत. म्हणालात पानं पूर्ण गळू देत, मग झाडाचा फोटो काढ आणि पुठ्ठ्याचे कुंड्यांचे आकार कापून त्याखाली ठेवून बघ. पानगळीचं झाड बिनपानांचं असतं तेव्हा काही लपवता येत नाही, सगळा फांद्यांचा विस्तार उघडा असतो, तेव्हा जी कुंडी शोभते तीच खरी. तुम्हीच सांगितलं होतंत की टोकियोत १९३४ साली सुरू झालेलं कोकुफू-तेन हे बोन्सायचं प्रदर्शन आता फेब्रुवारीत भरतं आणि तिथे मेपल, झेलकोव्हा अशी पानगळीची झाडं उघड्या फांद्यांचीच मांडतात. मग मी आठवडाभर टेबलावर पुठ्ठे सरकवत बसलो. लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, म्हणजे ४० ला साधारण २७ सेंटीमीटर, आणि खोली बुंध्याच्या जाडीएवढी, बुंधा ६ सेंटीमीटर म्हणून कुंडीही साधारण ६. निळी कुंडी जवळजवळ दुप्पट खोल निघाली. आणि चौकोनी, धारदार कोपऱ्यांची. माझ्या झाडाचं खोड हलक्या वळणाचं, फांद्या मऊ, त्याखाली ते कोपरे टोचायला लागले मला. रंगाचंही तसंच, शरदात पानं केशरी-लाल झाली की गडद निळा खुलून दिसतो हे खरं, पण बाकी सगळी थंडी ती करडी साल आणि बारीक काड्या, त्यांच्यापुढे नजर आधी कुंडीवरच जात होती. तुम्ही हे सगळं पहिल्या दिवशीच बघितलं असणार. पण सांगितलं नाहीत, मला माझ्या डोळ्यांनी दिसेपर्यंत थांबलात, आणि आत्तापर्यंत जे जे शिकलो त्यात हे मला सगळ्यात मोठं वाटतं.

शेवटी लांबट गोल, क्रीम रंगाच्या ग्लेझची घेतली, काठ किंचित बाहेर वळलेला. तोंडाशी आत वळणारी एक फार देखणी होती पण तुमचा आवाज कानात आला, "दोन वर्षांनी मुळांचा गड्डा बाहेर कसा काढणार?"

आणि तो स्पंज! मला वाटायचं कुंडी उथळ असली की पाणी लवकर निघून जातं. तुम्ही भांडी घासायचा स्पंज चिंब भिजवून आडवा धरलात, निथळायचा थांबला, मग तोच उभा केलात तर परत पाण्याची धार लागली. तळाशी पाणी धरून ठेवणारा थर कुंडी खोल असो की उथळ, तेवढाच उंच असतो, म्हणून उथळ कुंडीत त्याचा वाटा जास्त, मुळं जास्त ओलीत राहतात. त्यामुळे मिश्रण दाणेदार हवं, अकादामा म्हणजे ती जपानी दाणेदार माती, आणि प्युमिस, लाव्हा हे ज्वालामुखीचे सच्छिद्र खडे, आणि चाळून धूळ पूर्ण काढलेली हवी. या वेळी तीन वेळा चाळलं.

लावताना झाड अगदी मध्ये न ठेवता थोडं मागे आणि लांब फांदीच्या विरुद्ध बाजूला सरकवलं, भोकांतून तार घेऊन मुळं घट्ट बांधली, काडीने मुळांच्या पोकळ्यांत मिश्रण खुपसत गेलो, खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत पाणी घातलं. हलवून बघितलं, जागचं हललं नाही.

काल सकाळी पहिलं पान उघडलं काकू. मी तिथेच खाली बसून राहिलो बराच वेळ. थँक्यू. दर महिन्याच्या त्या "नाही"साठी, खडूच्या खुणेसाठी, तार रुतली तेव्हा रागावला नाहीत त्यासाठी, आणि स्वतःच्या झाडांचा वेळ माझ्या एका काडीला दिलात त्यासाठी.

निळी कुंडी परत पुसून ठेवलीय. जमिनीत एक कोटोनिएस्टर वाढतंय, खाली लोंबायला लागलंय, त्याला खोल कुंडी चालेल असं मला वाटतंय पण अजून तीन-चार वर्षं तरी हात लावणार नाही. आणि मेपलची डावीकडची पहिली फांदी उजवीपेक्षा जोरात चाललीय, तिचे शेंडे आत्ताच खुडू की पहिली पानं पक्की होऊ देऊ? वेळ मिळाला की येऊन बघून जा, खुर्ची तुमच्यासाठी झाडासमोरच ठेवलीय.

तुमचाच