बाबा, तुमच्या त्या फोटोबद्दल

प्रिय आई-बाबा,

परवा फोनवर बाबा तुम्ही सहज बोलल्यासारखं म्हणालात, माझा एक चांगला फोटो काढून ठेव गं, ऐनवेळी धावपळ नको. आणि मी हो हो बघू करत विषय सुरमईच्या भावावर नेला. रात्री झोप लागेना म्हणून लिहितेय, कारण समोर बसून बोलायला गेले तर आई डोळ्याला पदर लावणार आणि तुम्ही उठून पडवीत जाणार.

ऐनवेळचे फोटो मी ढिगाने केलेत बाबा. लोक दुकानात येतात, डोळे सुजलेले, मोबाइलमध्ये कुणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो, त्यातल्या तिसऱ्या रांगेतल्या काकांना कापून काढायचं, त्यांच्या खांद्यावरचा दुसऱ्याचा हात पुसायचा, मागे निळा रंग भरायचा आणि संध्याकाळपर्यंत फ्रेम करून द्यायची. सत्तर वर्षं जगलेला माणूस, आणि त्याचा एकट्याचा फोटो म्हणाल तर आधारकार्डावरचा. (त्यात आपण सगळेच चोर दिसतो ते सोडा.) रत्नागिरीतलं माझं भाडंसुद्धा अजून ३५ बाय ४५ मिलिमीटरच्या पासपोर्ट फोटोंवरच निघतं, म्हणून त्याला नावं ठेवत नाही.

आई, तू दर फोनला विचारतेस लग्नाच्या ऑर्डरी का सोडल्यास, त्यात पैसा होता. होता. पण निसर्ग वादळ आलं ना, ३ जून २०२०, आपली कौलं उडाली आणि भिंतीवरचा आजीचा फोटो भिजून काचेला चिकटला, तो मी घाईघाईत ओढला आणि आजीचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला. तो ओढायचा नसतो, काचेसकट स्कॅन करायचा असतो. मी फोटोग्राफर, आणि मला हे नंतर कळलं! तू एका शब्दाने बोलली नाहीस, ते जास्त लागलं. मग वाडीतले लोक एकमेकांना चिकटलेले फोटो घेऊन आले, ते बादलीत स्वच्छ गार पाण्यात सोडवून तुमच्या जुन्या धोतरावर सुकत घातले, काही वाचले, बरेच गेले. आणि वाचलेल्यांत कुणी लग्नाच्या स्टेजवरचे बघत नव्हतं हो. एक बाई नवऱ्याचा होडीवर बसून चहा पितानाचा फोटो घेऊन तासभर बसली होती. त्या तासानंतर मला स्टेजवर चढून हसा हसा म्हणवेना, एवढंच.

आता मी काय करते तर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ना, होड्या वर ओढलेल्या, तेव्हा मिरकरवाडा बंदरावर जाऊन बसते. तांडेल, म्हणजे होडीचे म्होरके, जाळी विणत असतात, त्यांच्याकडे वेळ असतो. आणि पावसाळ्यातला उजेड म्हणजे आभाळाचीच चादर बांधल्यासारखा, डोळ्यांखाली काळं पडत नाही. (फक्त लेन्सला बुरशी धरते, आणि हो आई, कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा नाही, कण्यांची भुकटी अजून निघतेय.) सुरुवातीला सगळे मिलिटरीत भरती झाल्यासारखे ताठ बसतात. मी काही बोलत नाही. अर्ध्या तासाने तो जाळ्याच्या दोऱ्यावरून शिव्या द्यायला लागतो, कॅमेरा विसरतो, तेव्हा माझं काम सुरू.

कार्श नावाचा एक फोटोग्राफर होता कॅनडात, त्याने १९४१ साली चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि तो चिडला त्या क्षणी फोटो घेतला, जगभर गाजला. मला नाही पटत. आणि मी एखाद्या तांडेलाची बिडी काढून घेतली तर तो मला जेटीवरून खाली टाकेल.

माझी पद्धत तुमची आहे बाबा. दापोली गाडीत तुम्ही कंडक्टर असताना मी शेवटच्या सीटवर बसून बघायचे, तुम्ही कुणाकडे टक लावून बघायचा नाहीत, सुट्टे मोजता मोजता तिरकं बघायचात आणि कोणी तिकीट काढलं नाही ते बरोबर कळायचं. कोण माहेरी चाललीय, कोण भांडून निघालीय, तेही.

मग तुमचा फोटो इतकी वर्षं का काढला नाही? मोबाइलवर हजार आहेत, नीट बसवून काढलेला एक नाही. गेल्या गणपतीत ८५ मिलिमीटरची, चेहऱ्यांसाठी वापरतात ती लेन्स लावून तुमच्याकडे वळवली होती, आरतीचं ताट धरलेला हात थरथरताना दिसला, आणि मी गुपचूप मखराचे फोटो काढत बसले. मोबाइलमध्ये हे दिसत नाही, म्हणून मोबाइलच बरा वाटायचा मला.

तर येत्या रविवारी येतेय. फोटो काढणार, पण तो ऐनवेळचा नाही, नंतर तुम्ही त्याचं काय करायचं ते करा. सकाळी आठला पडवीत, दोघांचा वेगवेगळा आणि मग एकत्र. बाबा, केसांना काळं लावू नका, नवा शर्ट नको, आणि तिकीट पंच करून अंगठ्याला पडलेला घट्टा मला फ्रेममध्ये हवाय, तेव्हा हात खिशात घालायचे नाहीत. हात हलला तर हलू दे. आई, तू चहा करायला उठलीस तरी चालेल, मी तशीच काढेन.

आणि ती आजीची काच माळ्यावरच आहे ना? मी येईपर्यंत ती पुसू नकोस.

तुमची,
बाय