मंत्रीसाहेब, हुकाला किती वजन लावायचं ते आरसीवर छापा की

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री, भारत सरकार
यांस सप्रेम नमस्कार.

साहेब, पत्र मराठीत लिहितोय कारण तुम्ही नागपूरचे आणि आम्ही इंदूरचे, लोकमान्य नगरातले. घरात मराठी, धंद्यात हिंदी, आणि घाटात गाडी तापली की दोन्ही. माझं टेंट हाऊसचं काम आहे. लग्नं, मुंजी, गणपतीचे मांडव. एक पिकअप आहे, १.७ टन माल भरायच्या पासिंगची, आणि तिच्या मागे दोन चाकांच्या ट्रॉलीवर साउंडप्रूफ जनरेटर लावून आम्ही उज्जैन, देवास, महेश्वर असं फिरतो. इथेनॉलचा विषय आज काढत नाही, आमची गाडी डिझेलची आहे.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. महेश्वरला लग्न होतं, मागे जनरेटर, वर पाइप-पडदे-खुर्च्या, आणि मानपूर सोडून गणपती घाट उतरायला लागलो. तो घाट तुम्हाला माहीत असेलच, किती ट्रकांचे ब्रेक तिथे फेल झालेत, आता नवा रस्ता काढलाय ते फार चांगलं केलं, पण तेव्हा जुनाच होता. अर्ध्या उतारावर पेडल मऊ पडायला लागलं आणि केबिनमध्ये ब्रेकचा जळका वास, कारण मागची ट्रॉली आता ओढावी लागत नव्हती, तीच आम्हाला ढकलत होती. तिला स्वतःचे ब्रेक नाहीत. गाडी चालवणाऱ्या पोराने दुसरा गिअर टाकला आणि गणपतीचं नाव घेत आम्ही बैलगाडीच्या चालीने धामनोदला पोचलो. खाली थांबून चाकांवर पाणी टाकायला निघाला होता तो, मी हात धरला, तापलेल्या ड्रमवर गार पाणी मारलं तर तडकतो.

परत आल्यावर पहिल्यांदा डोकं लावलं आणि सगळं घेऊन धर्मकाट्यावर, म्हणजे गाड्या तोलायच्या काट्यावर, गेलो. काटेवाला म्हणाला भिया, एकदम पूर्ण चढव ना, एक पावती होईल. मी म्हटलं नाही, तीन पाहिजेत. ट्रॉली सोडवून एकटी चढवली, १,८५० किलो. भरलेली पिकअप एकटी, ३,३९० किलो. आरसीवर भरल्या गाडीचं वजन ३,४९० आहे म्हणजे शंभर किलो शिल्लक, खूश झालो. मग ट्रॉली हुकाला लावली आणि फक्त पिकअप काट्यावर, ट्रॉलीची चाकं बाहेर जमिनीवर. आकडा आला ३,६१०!

हे २२० किलो कुठून आले? दांडीचे. ट्रॉलीचं सगळं वजन तिच्या चाकांवर नसतं हो, थोडं दांडीतून आपल्या हुकावर बसतं, आणि तेवढं बसावंही लागतं, साधारण दहा ते पंधरा टक्के, कारण त्याहून फार हलकी दांडी ठेवली की वेगात ट्रॉली शेपटीसारखी डोलते. पण हुकावर बसलेलं ते वजन गाडीच्या मालातच मोजायचं असतं. म्हणजे मी १२० किलो ओव्हरलोड होतो आणि मला इतकी वर्षं पत्ता नाही. शिवाय हुक मागच्या एक्सलच्याही मागे, त्यामुळे मागचं टोक दाबलं जातं आणि पुढचं उचललं जातं. स्टेअरिंग हलकं का वाटतं आणि समोरचे लोक रात्री डिपर का मारतात ते तेव्हा कळलं.

आता कायदा बघा. ओव्हरलोडला कलम १९४, २०१९ च्या दुरुस्तीनंतर वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, जास्तीचा माल उतरवायचा तो वेगळा. असू दे, मी त्याच्या विरोधात नाही, घाट बघितल्यावर तर अजिबात नाही. पण ज्याला दंड लावता त्याला आकडा तरी द्या. माझ्या आरसीवर रिकामं वजन आहे, भरलेलं वजन आहे, पण मागे किती ओढायचं, गाडी आणि ट्रेलर मिळून किती, हुकावर किती, यातलं काही नाही. गाडी विकणाऱ्याला विचारलं तर म्हणे साहेब आरामात ओढेल. ओढेल हो! ओढण्याचा प्रश्नच नाही, थांबेल का ते सांग. हुक बनवणाऱ्या वेल्डरने त्याहून छान सांगितलं, हाथी बांध दो. यूरोपात बिनाब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोची हद्द आहे, माझा त्याच्या अडीचपट होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की साडेसात हजार किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या, लायसन्सवर चालवता येते, आमच्या पोरांची मोठी सोय झाली, पण त्याच पोरांना दांडीचं वजन म्हणजे काय हे शिकवणार कोण? लायसन्सच्या वेळी आठचा आकडा काढून दाखवला की झालं.

माझा मावसभाऊ टेक्सासात असतो, त्याला फोटो पाठवायला सांगितले. त्याच्या पिकअपच्या ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर, एकूण वजन किती, पुढच्या-मागच्या एक्सलवर किती, आणि दुसऱ्या पिवळ्या-पांढऱ्यावर माणसं आणि सामान मिळून इतक्या किलोच्या वर कधीही नको असं सरळ लिहिलेलं. हुकावर वेगळी पट्टी. ट्रेलर किती ओढायचा ते मोजायला तिथे एसएई जे२८०७ नावाची पद्धत आहे, ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर भर उन्हात एसी फुल ठेवून गाडीने ठरलेल्या वेगाच्या खाली न येता चढायचं. आता आमच्याकडे उन्हाची कमी आहे का घाटांची?

पण एक बाब तिथेही नाही, ती तुम्ही आधी करून दाखवा. डिझेल. तिथला सरकारी मायलेजचा आकडा मागे ट्रेलर न लावता काढलेला असतो, आपल्याकडचाही लॅबमधल्या रोलरवर. कारसाठी कंपनीच्या सगळ्या गाड्या मिळून सरासरी इंधन किती प्यावं याचा नियम २०१७ पासून आहे, ठीक आहे, पण ओझं ओढताना गाडी किती पिते हे त्यात कुठे येतं? माझी वही बघा, रिकामी गाडी चौदाचं ॲव्हरेज देते, भरलेली अकराचं, आणि जनरेटर लावला की आठ. म्हणजे शंभर किलोमीटरला सात लिटरच्या जागी साडेबारा. आणि सगळा दोष वजनाचा नाही. वजन चढावर आणि सिग्नलच्या थांब-चालमध्ये खातं, सपाट हायवेवर खातो तो वारा, आणि तो वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्याच देवास रोडवर ऐंशीऐवजी साठने नेली तर तोच जनरेटर घेऊन नऊच्या वर देते. हे मला पंधरा वर्षांनी वहीतून कळलं, कंपनीच्या कागदावर दोन ओळी असत्या तर पहिल्या महिन्यात कळलं असतं. लग्नाचं भाडं आम्ही सहा महिने आधी ठरवतो साहेब, डिझेल नव्वदीच्या पार आहे, चौदाच्या हिशोबाने बोललो तर फरक आमच्याच खिशातून.

(अनंत चतुर्दशीला इंदुरात कधी आलात तर मिलच्या झांक्या बघा. मिल बंद पडल्या, झांक्या अजून निघतात, ट्रॉल्यांवर अख्खे देखावे ओढत रात्रभर. तिथे वेग नसतो म्हणून चालतं.)

तर मागणी एवढीच आहे. नव्या प्रत्येक पिकअपच्या दारावर आणि आरसीवर चार आकडे छापायला लावा, ब्रेकवाला ट्रेलर किती, बिनाब्रेकचा किती, हुकावर किती, गाडी-ट्रेलर मिळून किती. हिंदीत, मराठीत, जिथली गाडी तिथल्या भाषेत. सोबत पूर्ण भरून आणि ट्रेलर लावून काढलेलं ॲव्हरेज. आणि नाक्यावर दांडीसकट वजन कसं करायचं ते काटेवाल्यांना शिकवा, माझ्या काटेवाल्याला तिसरी पावती का पाहिजे ते अजून पटलेलं नाही.

तिन्ही पावत्यांच्या झेरॉक्स सोबत जोडल्या आहेत. जनरेटर सध्या भाड्याच्या ट्रकमध्ये चढवून वेगळा पाठवतो, दर फेरीला ते भाडं माझ्या नफ्यातून जातं, आणि गिऱ्हाईक विचारतं की मागच्या वर्षी तर पिकअपलाच लावून आणला होता ना.

आपला,
एक टेंटवाला, इंदूर